छप्पर आणि बस: इंदूरच्या सरकारी फ्लॅटचं, सिटी बसचं आणि रैन बसेऱ्याचं परीक्षण

लोकमान्य नगर, सुदामा नगर, रामबाग या आपल्या भागांत सकाळी सातला येणारी स्वयंपाकाची बाई पावणेआठला आली, तर ती उशिरा उठलेली नसते. तिची मॅजिक, म्हणजे सीटमागे भाडं घेणारी छोटी व्हॅन, भरलेली नसते. शेअर मॅजिकला वेळापत्रक नसतं, सीट भरल्या की गाडी सुटते. शहराच्या टोकाला नवा सरकारी फ्लॅट मिळालेल्या माणसाचा सगळा दिवस या भरण्यावर टांगलेला असतो.

म्हणून इथे तीन सेवांचं परीक्षण एकत्र करतो आहोत: प्रधानमंत्री आवास योजनेतला फ्लॅट, सिटी बस (आणि आता मेट्रो), आणि रैन बसेरा, म्हणजे बेघरांचा निवारा. या तिन्हींची कार्यालयं वेगळी, फायली वेगळ्या, उद्घाटनाच्या कोनशिला वेगळ्या. वापरणाऱ्याचा हिशेब मात्र एकच असतो: रात्री कुठे निजायचं, आणि सकाळी कामावर किती वेळात, किती पैशांत पोचायचं. यातली एक बाजू कोलमडली की दुसरी आपोआप कोलमडते. घर लांब आणि बस नाही, म्हणून कामाच्या जागेजवळच रात्र काढणारी माणसं इंदूरात आहेत. त्यांना बेघर म्हणायचं की नाही, हा प्रश्न सर्वेक्षणाच्या फॉर्ममध्ये मावत नाही.

आधी फ्लॅट. नगर निगमची, म्हणजे महापालिकेची, आवास योजनेतली संकुलं बहुतेक शहराच्या कडेला आहेत: पश्चिमेला बडा बांगडदा, राऊच्या बाजूला सिंदोडा, पूर्वेला कनाडिया. कारण जमीन. भागीदारीतल्या घरबांधणीत केंद्राकडून घरामागे दीड लाख रुपये मिळतात. एवढ्यात शहराच्या मध्यभागातली जमीन येत नाही, तेव्हा जिथे सरकारी जमीन मोकळी पडली आहे तिथे इमारत उभी राहते. मध्यभागातल्या सरकारी जमिनीचा बाजारभाव इतका आहे की तिथे गरिबांची घरं बांधायला आजवर कुठलाच पक्ष मनापासून धजावलेला नाही.

घर म्हणून फ्लॅट वाईट नाही. आर्थिकदृष्ट्या दुर्बल गटासाठी सुमारे 30 चौरस मीटर, म्हणजे साधारण 323 चौरस फूट चटई क्षेत्र. बाहेरची खोली, एक लहान बेडरूम, ओटा, संडास आणि न्हाणीघर. कनाडियाचा लाइट हाउस प्रकल्प, म्हणजे नव्या बांधकाम पद्धतीचा नमुना प्रकल्प, तर नीट पाहण्यासारखा आहे. 1 जानेवारी 2021 ला त्याची पायाभरणी झाली. खाली पार्किंग, वर आठ मजले, एकूण 1,024 घरं. तिथे विटांच्या भिंती नाहीत. लोखंडी सांगाड्यात कारखान्यातून आलेली सँडविच पॅनेल बसवली आहेत, म्हणजे दोन्ही बाजूंना सिमेंटच्या पातळ पाट्या आणि मध्ये हलका गाभा. काम लवकर होतं आणि भिंत उन्हात विटेपेक्षा कमी तापते.

अशा भिंतीशी वागायची पद्धत मात्र वेगळी आहे आणि ताबा देताना ती कुणी समजावून सांगत नाही. साधा खिळा ठोकला तर गाभ्यात पकड बसत नाही, काही दिवसांत तो लोंबतो. भांड्यांची मांडणी, गीझर, टीव्हीचा स्टँड असलं वजन पॅनेलवर टांगू नये. टांगायचंच असेल तर पोकळ भिंतीसाठी मिळणारा फुलणारा बोल्ट वापरावा किंवा मागे लोखंडी चौकट कुठे जाते ते पाहून तिच्यात स्क्रू घ्यावा. पाण्याची लाइन हलवायला भिंत फोडू नका. या बांधणीत खरी कमजोरी सांध्यांची असते. दोन पॅनेल जिथे मिळतात ती उभी रेघ आणि खिडकीच्या चौकटीखालची पट्टी, या दोन जागांतून पावसाळ्यात पाणी येतं. ताबा घेतल्यावर पहिले दोन मोठे पाऊस होऊ द्या, सांधे हाताने चाचपून पाहा, ओल दिसली तर तारखेसह फोटो काढून लेखी तक्रार द्या. ठेकेदाराची दुरुस्तीची जबाबदारी ठरावीक मुदतीपुरती असते. ती मुदत कधी संपते हे ताब्याच्या दिवशीच लिहून मागा.

उंच इमारतीत भिंतीच्या आधी लिफ्ट बंद पडते. ती बिघडते म्हणून कमी वेळा, वीजबिल आणि देखभालीचा करार भरला जात नाही म्हणून जास्त वेळा. समजा एका ब्लॉकमध्ये 128 घरं आहेत आणि महिन्याचा देखभाल खर्च घरामागे 400 रुपये ठरला. सगळ्यांनी भरला तर 51,200 रुपये जमतात. निम्म्यांनी भरला तर 25,600 हातात येतात, आणि त्यात पाण्याचा पंप, जिन्यातले दिवे, सफाई, चौकीदार आणि लिफ्टचा करार यांतलं काहीतरी एक सुटतं. लिफ्ट सुटते, कारण पंप बंद पडला तर सगळे ओरडतात आणि लिफ्ट बंद पडली तर वरच्या मजल्यावरचे तेवढे ओरडतात. तेव्हा तीन गोष्टी आधी विचारा: रहिवाशांची संस्था नोंदवली आहे का, सामाईक वीजमीटर कुणाच्या नावावर आहे, आणि लिफ्टच्या कराराची तारीख काय. घरात म्हातारं माणूस असेल तर खालचा मजला सोडत पद्धतीनंतरही मागता येतो का, हे लेखी विचारावं. तोंडी उत्तरावर विसंबू नये.

पात्रतेचं थोडक्यात. योजनेची दुसरी आवृत्ती 1 सप्टेंबर 2024 पासून लागू आहे. दुर्बल गटासाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न 3 लाखांपर्यंत हवं, कुटुंबात कुणाच्याही नावावर देशात कुठेही पक्कं घर नको, आणि गेल्या 20 वर्षांत कुठल्या सरकारी घरकुल योजनेचा लाभ घेतलेला नको. आधार सगळ्यांचं लागतं, बँक खातं लागतं, आणि आपल्या मध्य प्रदेशात समग्र आयडीशिवाय, म्हणजे राज्याच्या कुटुंब नोंदणीच्या क्रमांकाशिवाय, फाइल पुढे सरकत नाही. कुटुंबाचा समग्र क्रमांक 8 आकडी आणि सदस्याचा 9 आकडी असतो. फॉर्मवर बरेच जण कुटुंबाचाच क्रमांक सदस्याच्या रकान्यात लिहितात आणि अर्ज परत येतो. त्याहून मोठी अडचण हप्त्यांची. अनुदान वजा जाऊन उरलेली रक्कम लाभार्थ्याला भरायची असते आणि त्यासाठी बँक पगाराची चिठ्ठी मागते. धुणीभांडी करणाऱ्या बाईकडे, हमालाकडे, पोहे-जलेबीच्या गाडीवाल्याकडे ती कुठून येणार? सोडतीत नाव लागूनही चावी न मिळण्याचं हे मोठं कारण आहे.

आता प्रवास धरा. समजा, संकुलापासून मुख्य रस्त्यापर्यंत मॅजिक 20 रुपये, पुढे बस 15. जाऊन येऊन 70. महिन्याला 26 दिवस धरले तर 1,820, आणि दोघं कमावत असतील तर 3,640 रुपये. घराचा हप्ता सगळे विचारतात, हा दुसरा हप्ता कुणी विचारत नाही. फ्लॅटच्या बांधकामाला पाचपैकी चार द्यायला हरकत नाही. जागेच्या निवडीला दीडच्या वर देता येत नाही.

बस तिथे का पोचत नाही, याचं उत्तर ठेक्यात आहे. सिटी बस अटल इंदूर सिटी ट्रान्सपोर्ट सर्व्हिसेस लिमिटेड ही कंपनी चालवते. 2006 मध्ये या बस सुरू झाल्या तेव्हा देशभरातली शहरं त्या पाहायला येत, कारण कंपनीने स्वतः गाड्या न घेता खासगी चालकांना, म्हणजे बस चालवणाऱ्या ठेकेदारांना, मार्ग दिले होते. तिकिटाचे पैसे चालकाचे, आणि मार्गाच्या बदल्यात तो कंपनीला ठरलेली रक्कम द्यायचा. सरकारी तिजोरीवर भार नाही, ही या पद्धतीची बाजू. दुसरी बाजू अशी की चालक तिथेच गाडी फिरवणार जिथे सीट भरतात. राजवाडा, पलासिया, विजय नगर, भंवरकुआं. नव्या संकुलात पहिल्या वर्षी शंभर घरं भरलेली असतात, तिकडची फेरी तोट्यात जाते, म्हणून बस जात नाही. बस जात नाही म्हणून बाकीची घरं भरत नाहीत. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

यावर उपाय जुनाच आहे. चालकाला तिकिटावर सोडायचं नाही, प्रत्येक किलोमीटरला ठरलेला दर द्यायचा, तिकिटाचे पैसे कंपनीने ठेवायचे आणि तूट शहराने सोसायची. पीएम ई-बस सेवा या केंद्राच्या योजनेचा पाया हाच आहे. ऑगस्ट 2023 मध्ये 10,000 बसना मंजुरी देणाऱ्या या योजनेत मदत किलोमीटरमागे मिळते. म्हणजे कडेच्या संकुलाला बस देण्यात आता चालकाचं नुकसान नाही, प्रश्न महापालिकेच्या इच्छेचा आहे. पार्षदाला, म्हणजे नगरसेवकाला, भेटाल तेव्हा ‘बस द्या’ एवढंच म्हणू नका. फेऱ्यांचं गणित घेऊन जा. 14 किलोमीटरच्या मार्गाला एका बाजूने 55 मिनिटं आणि टोकाला 5 मिनिटं थांबा धरला तर एक पूर्ण फेरी 120 मिनिटांची होते. दोन बस दिल्या तर तासाला एक, चार दिल्या तर अर्ध्या तासाला एक. दोनपैकी एक बंद पडली की पुढची बस दोन तासांनी येते, आणि आठवड्याभरात लोक त्या मार्गाचा नाद सोडतात. मग कागदावर लिहिलं जातं की प्रवासी नाहीत. म्हणून मागणी चार बसची आणि एका राखीव बसची करायची. त्याहून कमी बस मिळत असतील तर त्या सकाळी साडेपाच ते साडेनऊ आणि संध्याकाळी पाच ते नऊ याच वेळेत चालवून घ्या. दिवसभर विरळ चालणाऱ्या बसपेक्षा कामाच्या वेळेत नेमाने येणारी बस जास्त उपयोगाची.

आणि आता आयबस, म्हणजे स्वतंत्र मार्गिकेवरून धावणारी शहर बस. निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा, आग्रा-मुंबई रस्त्यावर साडेअकरा किलोमीटर, मे 2013 पासून. मधली मार्गिका फक्त बसची, तिकीट स्थानकावरच काढायचं, फलाट बसच्या तळाच्या उंचीला, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्या आजीलाही पायरी चढावी लागत नसे. मुख्यमंत्र्यांनी नोव्हेंबर 2024 मध्ये ती मार्गिका काढण्याची घोषणा केली. फेब्रुवारी 2025 च्या अखेरीस उच्च न्यायालयाच्या इंदूर खंडपीठाने परवानगी दिली आणि लगेच रेलिंग काढायला सुरुवात झाली. भोपाळने हेच काम जानेवारी 2024 मध्ये सुरू केलं होतं.

मार्गिकेवरचे आक्षेप खोटे नव्हते. बाजूच्या मार्गिका अरुंद होत्या, चौकांवर गाड्या अडत, मधल्या स्थानकापर्यंत जायला रस्त्याचा अर्धा भाग जीव मुठीत धरून ओलांडावा लागे, आणि साडेअकरा किलोमीटरला जोडणाऱ्या गल्लीबोळातल्या बस कधीच पुरेशा आल्या नाहीत. पण तोडून काय गेलं, हे गणिताने पाहा. बस ताशी 23 किलोमीटरने गेली तर साडेअकरा किलोमीटरला 30 मिनिटं लागतात. दोन्ही टोकांच्या थांब्यांसह फेरी 70 मिनिटांची, आणि दर पाच मिनिटांनी बस हवी तर 14 बस पुरतात. तीच बस सगळ्यांबरोबर गर्दीत ताशी 15 ने चालली तर जायला 46 मिनिटं, फेरी 102 मिनिटांची, आणि तेवढ्याच सेवेला 21 बस लागतात. सात बस जास्त, सात चालक-वाहकांच्या जोड्या जास्त, इंधन जास्त, आणि प्रवाशाची रोजची 32 मिनिटं गेली ती वेगळीच. याच सात बस कनाडियाला आणि सिंदोड्याला जाऊ शकल्या असत्या. मार्गिका दुरुस्त करता आली असती. चौकात बसला आधी हिरवा दिवा, पायी ओलांडणाऱ्यांसाठी उंचवटा, कडेच्या पार्किंगवर बंदी. यातलं एकही काम उड्डाणपुलाएवढं महाग नाही.

मार्गिका नसलेल्या रस्त्यावर बस वापरताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी. थांबा डावीकडे कडेला आला की पुढे उभ्या असलेल्या ई-रिक्षा आणि मॅजिकमुळे बस कडेला लागत नाही, दुसऱ्या ओळीत थांबते, आणि माणसं चालत्या दुचाकींमधून चढतात. तक्रार करायची तर बसची नको, थांब्याच्या आधीच्या आणि नंतरच्या वीस-वीस मीटरात उभ्या राहणाऱ्या गाड्यांची करा, जागेचा फोटो जोडून.

मेट्रोबद्दल फार लिहिण्यासारखं नाही. 31 मे 2025 ला सुरू झालेला पहिला टप्पा गांधी नगरपासून सुपर कॉरिडॉरच्या तीन क्रमांकाच्या स्थानकापर्यंतचा आहे, सुमारे सहा किलोमीटर, पाच स्थानकं. पूर्ण वर्तुळ सुमारे 31 किलोमीटरचं ठरलं आहे. तीन डब्यांची गाडी, वडोदऱ्याजवळच्या सावलीत बांधलेली. स्थानकं स्वच्छ, लिफ्ट चालू, व्हीलचेअरला अडथळा नाही. विजेची तिसरी पट्टी रुळाच्या बाजूलाच 750 व्होल्टची आहे, म्हणून हातातून काही खाली पडलं तर स्वतः उतरू नका, कर्मचाऱ्याला सांगा. किमान भाडं 20 रुपये. पण बडा बांगडद्याच्या संकुलातल्या माणसाला राजवाड्याला जायचं असतं, आणि हा टप्पा त्याला उलट्या दिशेला, मोकळ्या माळावरच्या आयटी कंपन्यांकडे नेतो. राजवाड्याच्या भागात मेट्रो जमिनीखालून जाणार की वरून, खजराना ते बडा गणपती काय करायचं, यावर वर्षानुवर्षं बैठका झाल्या. त्या वादात व्यापाऱ्यांचं म्हणणं ऐकलं गेलं, वारसा वास्तूंचं ऐकलं गेलं, आणि दोन्ही गोष्टी योग्यच होत्या. कनाडियाच्या संकुलापासून खजराना आणि बंगाली चौराह्याच्या स्थानकांपर्यंत जोडबस कोण देणार, हे मात्र कुणी विचारलेलं ऐकिवात नाही. ते आत्ताच विचारायला हवं, कारण स्थानकाखालची बस वळायची जागा बांधकामाच्या वेळीच ठेवावी लागते. नंतर तिथे पार्किंगचा ठेका निघतो.

आता रैन बसेरा. सरवटे बस स्टँड, गंगवाल बस स्टँड, रेल्वे स्टेशन आणि एमवाय या मोठ्या सरकारी रुग्णालयाच्या आसपास ही गरज सगळ्यात जास्त. शहरी बेघरांसाठीच्या केंद्राच्या योजनेत नियम स्पष्ट आहेत. लाखभर लोकसंख्येमागे 100 जणांची कायमची सोय. 2011 च्या जनगणनेत इंदूर वीस लाखांच्या घरात होतं, म्हणजे तेव्हाच दोन हजार जागा हव्या होत्या. शहर त्यानंतर किती वाढलं ते सुपर कॉरिडॉरवर उभं राहिलं की दिसतं. माणशी 50 चौरस फूट जागा. दहा बाय दहाच्या खोलीत दोन जण, पन्नास जणांच्या निवाऱ्याला अडीच हजार चौरस फूट. निवारा वर्षभर आणि चोवीस तास उघडा हवा. पाणी, संडास, स्वयंपाकाची जागा आणि गॅस, प्रथमोपचार, आग विझवण्याची सोय, डासांवर नियमित फवारणी, धुतलेल्या चादरी-ब्लँकेटं, आणि सामानासाठी कुलपाचा कप्पा. स्त्रियांसाठी, कुटुंबांसाठी, म्हाताऱ्या आणि मानसिक आजारी माणसांसाठी वेगळी सोय.

निवारा पाहायला गेलात तर रंगरंगोटीवर जाऊ नका. पाहायचं ते हे. रजिस्टर उघडा. रोजची संख्या एकसारखी गोल असेल, 40, 40, 40, तर ते रात्री मोजलेलं नाही. ब्लँकेटांचा वास घ्या, कारण हिवाळ्यात खरूज आणि उवा तिथूनच पसरतात. शंभर ब्लँकेटांना धुण्याच्या दिवसासाठी आणखी तीसएक राखीव लागतात, नाहीतर ती धुतलीच जात नाहीत. कप्प्यांना कुलपं आहेत का पाहा. माणूस फुटपाथ सोडून निवाऱ्यात का येत नाही, या प्रश्नाच्या उत्तरात सामान फार वर आहे. भंगाराचं पोतं, चहाची किटली, रिक्षाची बॅटरी हे त्याचं भांडवल आहे. ते बाहेर ठेवून तो आत निजणार नाही. फाटकाजवळ कुलपाची दहा बाय बाराची खोली दिली तर भिंतीवर म्हणी रंगवण्यापेक्षा जास्त लोक आत येतील.

दुसरं कारण वेळेचं. चोइथराम मंडीत माल रात्री उतरतो, लग्नाच्या हंगामात केटरिंगची पोरं दोन-अडीचला सुटतात, हमालांची झोपायची वेळ दुपारची. चोवीस तास उघडा हा नियम या लोकांसाठी आहे. प्रत्यक्षात दहानंतर फाटक बंद आणि सकाळी आठला ‘चला, झाडायचं आहे’ असं झालं की ज्यांना त्याची सर्वांत जास्त गरज तेच बाहेर राहतात. तिसरं कारण कुटुंबाचं. नवरा एका निवाऱ्यात, बायको-मुलं दुसऱ्या, आणि दोन्हींमध्ये चार किलोमीटर. असं झालं की कुटुंब पुलाखाली एकत्र राहणं पसंत करतं, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. एमवायला झाबुआ, अलीराजपूर, धार, खरगोनहून येणाऱ्या रुग्णांचे नातेवाईक हे चौथं कारण. ते बेघर नाहीत, पण रात्री त्यांनाही जागा लागते, आणि त्यांच्यामुळे बेघरांच्या खाटा भरतात. त्यांची सोय रुग्णालयाच्या आवारात वेगळी असायला हवी. दोघांना एकाच रजिस्टरात मोजलं की आकडा चांगला दिसतो आणि गरज झाकली जाते.

पाचवं कारण भीतीचं, आणि ते लिहिताना वाईट वाटतं. 29 जानेवारी 2021 ला निगमच्या ट्रकमधून म्हाताऱ्या बेघर माणसांना शहराबाहेर, देवास रस्त्यावरच्या शिप्रा गावाजवळ नेऊन उतरवलं गेलं. गावकऱ्यांनी अडवलं, तेव्हा त्यांना परत चढवावं लागलं. अधिकाऱ्याचं निलंबन झालं, देशभर बातम्या आल्या. 2017 पासून स्वच्छतेत पहिल्या नंबरावर राहणाऱ्या शहरात हे घडलं. पुढे 1 जानेवारी 2025 पासून भीक देण्यावरही बंदी आली. भीक मागणाऱ्याला उपचार, कागदपत्रं आणि काम मिळावं, ही बंदीमागची भूमिका पटण्यासारखी आहे. पण ज्याला निगमची पिवळी गाडी दिसली की उचलून नेण्याची धास्ती वाटते, तो त्याच निगमच्या निवाऱ्यात पाय कसा ठेवेल? भीक थांबवणारं पथक आणि निवाऱ्यात आणणारं पथक वेगळं असलं पाहिजे. कपडे वेगळे, गाडी वेगळी, आणि निवाऱ्याच्या पथकात निवाऱ्यातच राहिलेला एखादा माणूस. आणायची वेळ रात्री दहा ते बारा, तेव्हा कोण कुठे झोपतं हे दिसतं. दुपारी सगळे कामावर असतात.

सध्याच्या अवस्थेत सोयीला पाचपैकी दोन. नियमांना पाच.

निवाऱ्यात आधार मागितलं आणि नसलं तर परत फिरू नका. आधार नाही म्हणून रात्री बाहेर ठेवावं, असं योजनेत कुठेही नाही. उलट निवाऱ्यानेच कागदपत्रं मिळवून द्यायची असतात. मान्यताप्राप्त निवाऱ्याच्या अधीक्षकाचं प्रमाणपत्र आधारसाठी पुरावा म्हणून चालतं. ते आधारच्या ठरलेल्या नमुन्यात हवं. निवाऱ्याच्या साध्या लेटरहेडवर लिहून नेलं तर केंद्रावरून परत पाठवतात. मग आधार, मग बँक खातं, मग समग्र, या क्रमाने जा. समग्रसाठी वॉर्ड लागतो आणि तिथे निवाऱ्याचा पत्ता घालायचा. जेवणाची सोय दीनदयाल रसोईच्या केंद्रांवर 5 रुपयांत होते. केंद्र दुपारी कधी बंद होतं ते आधी विचारून घ्या, कामावरचा माणूस पोचेपर्यंत ताट संपलेलं असतं.

वस्तीतून हलवण्याआधी काय पर्याय होता, हे या शहराला ठाऊक आहे. 1989 पासून इंदूर विकास प्राधिकरणाने ब्रिटिश मदतीतून वस्त्या न हलवता तिथेच रस्ते, गटार आणि पाणी नेलं. हिमांशु पारीख यांच्या या कामाला 1998 चं आगा खान वास्तुकला पारितोषिक मिळालं. दोषही होते. गल्लीतली नळी झाली, पण मुख्य वाहिनी बऱ्याच ठिकाणी अपुरी राहिली. संडासाला लागेल इतकं पाणी नव्हतं, म्हणून गटारं तुंबली. पण खान नदीच्या काठचा माणूस कामावर पायी जात होता. त्याच्या प्रवासाचा खर्च शून्य होता, आणि ही बचत कुठल्याच अनुदानात मोजलेली नाही.

पट्ट्याचंही, म्हणजे राहत्या जमिनीच्या हक्काच्या कागदाचंही, तसंच. 1984 च्या कायद्याने 10 एप्रिल 1984 ला सरकारी जमिनीवर राहणाऱ्या भूमिहीनाला 50 चौरस मीटरपर्यंतचा पट्टा दिला. पुढे ती तारीख अनेकदा पुढे सरकली, आणि निवडणुकीची हवा लागली की अजून सरकण्याच्या गोष्टी सुरू होतात. पट्टा हातात असेल तर त्याची प्रत, वीजबिल आणि जुना मतदार ओळखपत्राचा क्रमांक एकत्र ठेवा. हलवण्याची नोटीस आली की या तीन कागदांवर सुनावणी मागता येते. भाडेकरूला यात काही मिळत नाही, आणि ज्याची झोपडीच नाही त्याला तर नाहीच.

तक्रार निगमच्या इंदूर 311 ॲपवर करता येते, आणि राज्याच्या 181 क्रमांकाच्या सीएम हेल्पलाइनवर. रस्ता, गटार, दिवा असेल तर 311 लवकर हलतं. बस, निवारा, आवास यांसाठी 181 बरं, कारण तिथे मुदतीत काम झालं नाही की तक्रार वरच्या पातळीवर जाते, पहिल्यापासून चौथ्यापर्यंत. मधेच अधिकाऱ्याचा फोन येतो, ‘काम झालंय, समाधानी आहे असं सांगा.’ काम प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय हो म्हणू नका, एकदा बंद झालेली तक्रार पुन्हा पहिल्या पायरीवरून सुरू करावी लागते.

आणि मतदार यादी. इंदूरचे 85 वॉर्ड आहेत आणि पार्षद आपल्या यादीतल्या नावांचं ऐकतो. निवाऱ्यात किंवा फुटपाथवर राहणाऱ्यालाही फॉर्म 6 भरून नाव घालता येतं. बेघराकडून पत्त्याचा पुरावा मागायचा नाही, असा निवडणूक आयोगाचा नियम आहे. बूथ स्तरावरच्या अधिकाऱ्याने, म्हणजे बीएलओने, फॉर्मवर लिहिलेल्या जागी रात्री जाऊन तो माणूस खरोखर तिथे झोपतो का ते एकापेक्षा जास्त रात्री पाहायचं असतं. म्हणून फॉर्ममध्ये नुसतं ‘सरवटे बस स्टँड’ लिहू नका. कुठल्या फाटकाजवळ, कुठल्या दुकानाच्या ओट्यावर, आणि किती वाजल्यानंतर, हे सगळं लिहा, म्हणजे बीएलओ येईल त्या रात्री माणूस सापडेल.